जुनी गाडी, नवा मालक (लेखांक ९) : लाल रेषेपलीकडची नोंद

गेल्या आठवड्यात सर्व्हिस बुक पाहिलं. ते माणसं लिहितात, त्यामुळे त्यात काय लिहायचं नाही हेही माणसंच ठरवतात. आजची नोंद गाडी स्वतः ठेवते, आणि ती आहे हे पुष्कळ मालकांना ठाऊकही नसतं. उदाहरणाला पोर्शे ९११ घेऊ, त्यातही २००४ साली आलेल्या ९९७ पिढीतली मॅन्युअल गिअरची गाडी. जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेत अशी गाडी विकायला निघाली की जाणता गिऱ्हाईक किमतीआधी ओव्हररेव्हचा, म्हणजे इंजिनाचे फेरे लाल रेषेपलीकडे गेल्याचा, अहवाल मागतो.

इंजिनाचे फेरे हद्दीबाहेर जाऊ लागले की गाडीतला संगणक इंधन तोडतो. हा रेव्ह लिमिटर. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून धरला तरी इंजिन तिथेच अडखळत राहतं आणि सहसा काही बिघडत नाही. पण चालकाने तिसऱ्यातून चौथ्यात जाण्याच्या घाईत दांडा दुसऱ्यात घातला आणि क्लच सोडला, तर इंजिनाला चाकंच फिरवू लागतात. या गाडीत तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर साधारण १.६ आणि दुसऱ्याचं २.३ आहे. म्हणजे ७,००० आरपीएमवरचं इंजिन क्षणात १०,००० च्या घरात ओढलं जातं. आता इंधन तोडा नाहीतर टाकीच काढून ठेवा, फेरे कमी व्हायचे नाहीत. इंग्रजी मुलुखात या चुकीला ‘मनी शिफ्ट’ म्हणतात. का, ते इंजिनाचं बिल पाहिलेल्याला विचारावं.

फिरत्या भागांवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,२०० चे ९,००० झाले तर फेरे सव्वापट होतात, पण ताण दीडपटीच्या पुढे जातो. ७,२०० वर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ६० वेळा उघडमीट करतो. त्याहून फार वर गेलं की स्प्रिंगला तो वेळेत मिटवणं जमत नाही आणि वर येणारा पिस्टन त्यावर आदळू शकतो. वाकलेला व्हॉल्व्ह लगेच ओरडतो. मला जास्त धास्ती कनेक्टिंग रॉडच्या बोल्टची वाटते, कारण ताणलेला बोल्ट गुपचूप काम करत राहतो आणि नव्या मालकाच्या हातात आल्यावर तुटू शकतो.

९९७ चा संगणक लाल रेषेपलीकडच्या वेगाचे सहा पट्टे करतो. प्रत्येक पट्ट्यात किती ठिणग्या पडल्या आणि शेवटची ठिणगी इंजिनाच्या कितव्या तासाला पडली, हे तो लिहून ठेवतो. पट्ट्यांच्या हद्दी मॉडेलप्रमाणे बदलतात. ठिणग्यांचे आकडे पाहून नवखे हबकतात. सहा सिलिंडरच्या या इंजिनात दर फेऱ्याला तीन ठिणग्या पडतात, म्हणजे ७,२०० आरपीएमला सेकंदात ३६०. पहिल्या पट्ट्यातल्या ३,६०० ठिणग्या म्हणजे गाडीच्या उभ्या आयुष्यातले जेमतेम दहा सेकंद. पहिले दोन पट्टे लिमिटरला धडकूनही भरतात, स्पोर्ट्स कारमध्ये ते कोरे असतील तर मलाच नवल वाटेल. तिसऱ्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. चौथ्यापासून वर मात्र चुकीचा गिअर पडल्याशिवाय इंजिन सहसा पोचत नाही.

तरीही निर्णय ठिणग्यांच्या आकड्यावर घेऊ नये, तासांवर घ्यावा. समजा, पाचव्या पट्ट्यात ९० ठिणग्या आहेत, शेवटची ३१२ व्या तासाला, आणि इंजिन आज १,४६० तास चाललेलं आहे. चूक सेकंदाच्या पाव भागाइतकीही नव्हती आणि त्यानंतर इंजिनाने हजाराहून जास्त तास काढले आहेत. अशी गाडी मी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी करून, थोडी घासाघीस करून घेईन. तितकेच तास चाललेल्या दुसऱ्या गाडीत चौथ्या पट्ट्यात फक्त २० ठिणग्या, पण १,४५२ व्या तासाला. आकडा लहान, पट्टाही खालचा, तरी मी हात लावणार नाही. आठ तासांपूर्वी असं झालं आणि गाडी लगेच विकायला काढली, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

याच तासांनी मीटरही तपासता येतो. ५८,४०० किलोमीटरला १,४६० तास म्हणजे सरासरी ताशी ४०, शहर-महामार्ग मिळून पटण्यासारखी. डायलवर २५,००० च असतील तर सरासरी १७ वर येते. मग गाडी सदा वाहतुकीत अडकलेली असावी किंवा मीटर मागे फिरवलेला. उलट ५८,४०० ला ३०० च तास दिसले तर सरासरी ताशी १९५ च्या जवळ जाते, जी ऑटोबानवरही कुणी राखत नाही. तिथे संगणक बदलला का, हे विचारायचं, कारण तसं असेल तर जुनी नोंद त्याच्याबरोबरच गेली.

हा अहवाल पोर्शेच्या वर्कशॉपमध्ये पीविस यंत्रावर निघतो, बाहेरचे मेकॅनिक लॅपटॉपला ड्युरामेट्रिक जोडून काढतात. कागदावरचा चेसिस क्रमांक गाडीशी जुळवावा आणि तारीख ताजी असावी, विक्रेत्याने मोबाइलवर दाखवलेला जुना फोटो चालणार नाही. टिपट्रॉनिक किंवा पीडीके या ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत असा चुकीचा गिअर मागितला तरी संगणक तो देत नाही, त्यामुळे वरचे पट्टे बहुधा रिकामे असतात आणि अहवाल मुख्यतः तासांसाठी काढायचा.

सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे ओरखडे हे पहिल्या ९९७ गाड्यांचं जुनं दुखणं, पण सहाही पट्टे स्वच्छ असले तरी त्याबद्दल यातून काहीच कळत नाही. त्यासाठी बोअरस्कोप आत घालावा लागतो, तो पुढच्या आठवड्यात.