बाटलीचे रॉकेट किती उंच गेले?

सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीत तिसरा हिस्सा पाणी घालून सायकलच्या पंपाने हवा भरली, की रॉकेट सुसाट सुटते. मग पोरांत वाद: झाडाएवढे की टाकीएवढे?

दर 8-9 मीटर उंचीला हवेचा दाब सुमारे 1 मिलिबार घटतो. 5 मिलिबार घट म्हणजे 40-45 मीटर. दाब ओळखणारी नखाएवढी चिप, आकडे साठवणारे सर्किट आणि हलकी बॅटरी टोपणाच्या डबीत बसवा. डबीच्या कुशीला बारीक भोके हवीत. शेंड्याला नकोत, तिथे वाऱ्याचा झोत आकडा बिघडवतो. चिपवर स्पंज ठेवा.

पडताळ्यासाठी कोनमापकाला दोरा-खडा बांधा. 30 मीटरवरून 45 अंश दिसले, तर उंची डोळ्यापासून 30 मीटर. काचेची बाटली मात्र कधीच नको. हवा भरताना रॉकेटवर कोणी वाकू नये.