विश्लेषण : प्रकल्प नेमका कुठे अडला, हे तक्त्यावरून कसे कळते?

उड्डाणपुलाचे ‘९० टक्के काम पूर्ण’ झाल्याचे सांगितले जाते आणि उरलेल्या १० टक्क्यांत दोन पावसाळे निघून जातात. इमारत उभी राहते, पण घराचा ताबा मिळत नाही. अशा वेळी काम किती झाले यापेक्षा कोणते काम कशासाठी थांबले आहे, हे कळणे महत्त्वाचे असते. ते दाखवणारे साधन शंभर वर्षांहून जुने आहे : आडव्या पट्ट्यांचा तक्ता, अर्थात गँट चार्ट. तो कसा वाचायचा, त्यातून काय कळते आणि काय लपते, याविषयी...

गँट चार्ट म्हणजे काय?

तक्त्याच्या डाव्या बाजूला कामांची यादी असते आणि वरच्या बाजूला दिवस, आठवडे किंवा महिने. प्रत्येक कामापुढे एक आडवी पट्टी असते. ती जिथे सुरू होते ती कामाच्या सुरुवातीची तारीख, जिथे संपते ती शेवटची. पट्टी जितकी लांब, तितका त्या कामाला वेळ अधिक. एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या पट्ट्या एकाखाली एक येतात. एक काम संपल्याशिवाय दुसरे सुरू होत नसेल, तर आजच्या तक्त्यांत दोन पट्ट्या बाणाने जोडतात. आजच्या तारखेवर एक उभी रेषा मारली, की कोणते काम मागे पडले हे एका नजरेत दिसते.

हा तक्ता आला कुठून?

हेन्री गँट (१८६१-१९१९) या अमेरिकी यंत्र अभियंत्याच्या नावाने तो ओळखला जातो. कारखान्यातील कामाची शास्त्रीय मोजणी करणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांचे ते सहकारी. गँट यांच्या तक्त्यांत ठरलेल्या कामाशेजारी प्रत्यक्ष झालेले काम दाखवलेले असे. यंत्र रिकामे का राहिले, कामगाराला माल वेळेत का मिळाला नाही, हे त्यातून कळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत शस्त्रसामग्री आणि जहाजबांधणीच्या कामावर लक्ष ठेवण्यासाठी हे तक्ते वापरले गेले. त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि तक्ता जगभर पोहोचला. मात्र पोलंडचे अभियंता कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६ मध्येच ‘हार्मोनोग्राम’ नावाचा असाच तक्ता तयार केला होता. त्यांचे लेखन इंग्रजीत नसल्याने पश्चिमेकडे ते फारसे कुणाला ठाऊक झाले नाही.

एका कामाच्या उशिराने सगळा प्रकल्प का रखडतो?

गावातील शाळेच्या एका वर्गखोलीचे उदाहरण घेऊ. पायाला ३ आठवडे, भिंतींना ४, स्लॅब आणि तो पक्का होण्यास ४, गिलावा व फरशीला ३ आणि रंगाला १. ही कामे एकामागून एकच होऊ शकतात. एकूण १५ आठवडे. १ मार्चला सुरुवात केली, तर खोली जूनच्या मध्यात, शाळा उघडताना तयार होते. खिडक्यांचे ग्रिल बनवायला ५ आठवडे लागतात. हे काम पहिल्या दिवसापासून दुसरीकडे सुरू राहू शकते आणि ग्रिल लागते ते गिलाव्याआधी, म्हणजे ११ आठवडे संपताना.

याचा अर्थ ग्रिलवाल्याकडे ६ आठवड्यांची सवड आहे. त्याने २ आठवडे उशीर केला, तरी शाळेवर परिणाम होत नाही. स्लॅबला मात्र सवड नाही. तो २ आठवडे लांबला, की खोलीही २ आठवडे लांबते आणि उरलेले काम पावसात सापडते. ग्रिलला ७ आठवडे उशीर झाला, तर मात्र सवड संपून तेच काम एका आठवड्याने खोली अडवते. ज्या साखळीतील कामांना अजिबात सवड नसते, तिला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. प्रकल्पाची अखेरची तारीख ही साखळी ठरवते आणि वाटेत ती बदलूही शकते. गवंड्यांची संख्या दुप्पट करूनही प्रकल्प लवकर का संपत नाही, याचे उत्तर बहुतेकदा इथे असते : माणसे वाढवली ती सवड असलेल्या कामावर.

ही साखळी शोधण्याची पद्धत कुणाची?

१९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट ही रसायन कंपनी आणि संगणक बनवणारी रेमिंग्टन रँड यांनी मिळून ‘क्रिटिकल पाथ मेथड’ विकसित केली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पाणबुडीवरून डागायच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक कामासाठी तीन अंदाज घेतात : सगळे सुरळीत झाले तर, नेहमीप्रमाणे झाले तर आणि सगळे बिघडले तर. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन, त्यात इतर दोन मिळवून सहाने भागतात. जमीन मोजणीला कमीत कमी २, सहसा ४ आणि वाईटात वाईट १२ आठवडे लागत असतील, तर तक्त्यात ४ ऐवजी ५ आठवडे धरावे लागतात.

कोकण रेल्वेच्या बांधणीतून काय दिसते?

१९९० मध्ये सुरू झालेल्या या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गाचे काम सात विभागांत वाटले होते आणि ते एकाच वेळी चालू होते. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखालील या कामात अखेरच्या तारखेला किती दिवस उरले, हे दाखवणारी उलट्या मोजणीची घड्याळे लावली गेली. नव्वदहून अधिक बोगद्यांपैकी बरेचसे कठीण कातळातले होते. जास्त त्रास दिला तो मऊ, पाणी धरणाऱ्या मातीतल्या बोगद्यांनी. गोव्यातील पेडणे बोगद्यात वारंवार माती कोसळली आणि पाणी शिरले. दोन्ही बाजूंचे टप्पे एकेक करून सुरू होत गेले, तरी मुंबई ते मंगळूर असा सलग प्रवास या बोगद्यासाठी थांबला. तो पूर्ण झाल्यावर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावली. लांबीच्या हिशेबात मार्ग जवळजवळ शंभर टक्के पूर्ण होता. अडले ते दीडेक किलोमीटरवर.

तक्ता फसवू शकतो का?

हो. तक्ता तेवढाच खरा, जितकी त्यात भरलेली माहिती. पोलारिसचा अभ्यास करणारे हार्वी सापोल्स्की यांनी १९७२ च्या ग्रंथात दाखवले, की ‘पर्ट’चा मोठा उपयोग कामापेक्षा बाहेरच्यांना प्रभावित करून त्यांचा हस्तक्षेप टाळण्यासाठी झाला. हा धोका आजही आहे. पहिली चलाखी म्हणजे मूळ तारीख पुसणे. काम लांबले की पट्टी पुढे सरकवायची, म्हणजे तक्ता नेहमी वेळेवरच दिसतो. मूळ वेळापत्रकाची पट्टी खाली तशीच ठेवली, तरच घसरण दिसते. दुसरी म्हणजे टक्केवारी. खर्च ९० टक्के झाला म्हणजे काम ९० टक्के झाले असे नाही. तिसरी चूक सर्वात महाग पडते : बांधकामाच्या पट्ट्या असतात, पण भूसंपादन, वन आणि पर्यावरण मंजुरी, जलवाहिन्या हलवणे यांच्या नसतात. १५० कोटी रुपये वा त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय पायाभूत प्रकल्पांचा आढावा केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय घेते. त्याच्या अहवालांत विलंबाची कारणे म्हणून हीच कामे पुन:पुन्हा येतात.

घर घेणाऱ्याला याचा उपयोग काय?

‘रेरा’ कायद्याच्या कलम १९(२) नुसार, प्रकल्प कोणत्या टप्प्याने कधी पूर्ण होणार याचे वेळापत्रक जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. त्यात पाणी, सांडपाणी, वीज या सुविधाही येतात. कलम ११ नुसार विकासकाने प्रकल्पाची स्थिती दर तीन महिन्यांनी नियामकाच्या संकेतस्थळावर अद्ययावत करायची असते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ती काढता येते झालेल्या कामाच्या प्रमाणात आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रावरच.

हे वेळापत्रक हाती आल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. नोंदणीवेळची मूळ तारीख कोणती आणि ती किती वेळा बदलली? गेल्या तीन महिन्यांत कोणती पट्टी जागची हललीच नाही? ते काम थांबल्याने पुढची कोणती कामे अडतात? आणि उद्वाहकाचा परवाना, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, पाणीजोडणी, भोगवटा प्रमाणपत्र यांना तक्त्यात वेळ दिला आहे का? वीस मजल्यांचा सांगाडा उभा असूनही या चारपैकी एका कागदासाठी कुटुंबे भाडे आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी भरत राहतात. ठरल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर कलम १८ नुसार व्याजासह रक्कम परत घेण्याचा किंवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज मागण्याचा पर्याय आहे. तो वापरायचा झाल्यास मूळ वेळापत्रकाची तारखेसह जपून ठेवलेली प्रत उपयोगी पडते.