कान दुखतो तो विमान उतरताना

पूर्वी दवाखान्यात प्रवासाचा विषय निघाला, तर तो एस.टी.चा असे. माळशेज घाटात ओकारी होते, गोळी द्या, एवढेच. आता ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगावची मुले बंगळूर-हैदराबादला नोकरीला असतात आणि त्यांचे आई-वडील साठीनंतर पहिल्यांदा विमानात बसतात. निघण्याच्या आदल्या दिवशी येऊन विचारतात, "डॉक्टर, वर गेल्यावर काही होणार नाही ना?" मी सांगतो, वर जाताना बहुतेकांना काही होत नाही. सांभाळायचे ते खाली येताना, आणि त्याआधी विमानतळावर ताटकळताना.

मागे दिवाळीनंतर एका लग्नासाठी मी पुण्याहून नागपूरला विमानाने गेलो. विमान संध्याकाळी पावणेसातचे. चाकणला किती वेळ अडकू याचा भरवसा नसतो, म्हणून जुन्नरहून दुपारी एकलाच निघालो. लोहगावला वेळेत पोहोचलो, पण विमानच दोन तास उशिरा होते. संध्याकाळच्या विमानांचे हे ठरलेले दुखणे. तेच विमान सकाळपासून या गावाहून त्या गावी फेऱ्या करीत असते आणि प्रत्येक फेरीतला थोडा थोडा उशीर संध्याकाळपर्यंत साचतो.

शेजारच्या खुर्चीवर साठीचे एक गृहस्थ पत्नीसह बसले होते. आठच्या सुमारास ते सारखे कपाळ पुसू लागले. एवढ्या गारव्यात घाम कसला, म्हणून पाहिले, तर हात थरथरत होते आणि बोलणे तुटक झाले होते. मी डॉक्टर आहे असे सांगताच बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांना शुगर आहे. घरी सातला इंजेक्शन घेऊन लगेच जेवतात. आजही सातलाच घेतले. जेवण काय, विमानात मिळेल म्हटले." दुपारचे जेवण अकरा वाजताच झालेले. रक्तातली साखर उतरली होती, दुसरे काय? चहाच्या दुकानातून साखरेच्या चार पुड्या आणल्या आणि पाण्यात ढवळून पाजल्या. दहा-पंधरा मिनिटांत गृहस्थ नीट बोलू लागले. मग बाईंच्या पिशवीतली पोळी-भाजी खायला लावली, विमानतळावरच्या वैद्यकीय कक्षात साखर तपासून घेतली आणि मगच त्यांना पुढे जाऊ दिले.

म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की प्रवासात घड्याळ पाहून नव्हे, तर ताट पाहून इंजेक्शन घ्यायचे. जेवणाआधीचे इन्सुलिन अन्न समोर आल्यावरच टोचावे. दुसरे असे, की इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या जवळच्या पिशवीत ठेवाव्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. सामानात दिलेली बॅग कधी मागे राहते, आणि त्या कप्प्यात इन्सुलिन गोठले तर ते निकामी होते. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल, त्याला गिळता येत नसेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.

आता विमानातल्या हवेविषयी. विमान ३०-३५ हजार फुटांवर उडते. तिथल्या विरळ हवेत माणूस काही मिनिटेही शुद्धीवर राहणार नाही. म्हणून आतमध्ये हवा दाबून भरलेली असते. पण ती जुन्नरच्या हवेइतकी दाट नसते. साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असते तशी ठेवतात. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या आपण कळसूबाईच्याही वर गेलेलो असतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. हा दाब राखला गेला नाही तर काय होते, हे २० सप्टेंबर २०१८ रोजी दिसले. मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात हवा दाबाखाली ठेवणारी कळ चालू करायची राहून गेली. १६६ प्रवाशांपैकी तीसेक जणांच्या नाकातून, काहींच्या कानातूनही रक्त आले आणि विमान मुंबईला परत आणावे लागले. असे क्वचितच घडते.

नेहमीचा त्रास कानाचा. कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते आणि ती एका बारीक नळीने घशाच्या मागच्या बाजूला जोडलेली असते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. विमान वर चढताना पोकळीतली हवा फुगते आणि त्या नळीतून आपोआप बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो, आणि हवा आत घ्यायची तर नळी उघडावी लागते. ती आपोआप उघडत नाही. गिळताना, जांभई देताना उघडते. माळशेज घाट उतरताना कानात 'टक्' होते, ते हेच. फरक इतकाच, की विमानात ही उतराई पुष्कळ मोठी असते आणि वीस-पंचवीस मिनिटांत संपते.

नेमके त्याच वेळी लोक झोपलेले असतात. दिवसभराची दगदग, त्यात ओकारीची गोळी घेतलेली असली तर गुंगी. झोपेत माणूस कमी गिळतो. म्हणून उतरण्याची सूचना झाली की शेजाऱ्याला उठवावे. लिमलेटची गोळी, बडीशेप, काहीही चघळावे, घोट घोट पाणी प्यावे. तेवढ्याने भागले नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, गाल फुगवल्यासारखा हलका जोर द्यावा. जोर हलकाच हवा. तान्ह्या मुलाला त्या वेळी अंगावर घ्यावे किंवा बाटली द्यावी. आमच्या मागच्या रांगेतले बाळ सारखे रडत होते. त्याच्या आईला एवढेच सांगितले, आणि नागपूर येईपर्यंत बाळ शांत होते.

अंधार पडल्यावर उतरताना आतले दिवे मंद करतात. काही बिघडले की काय, म्हणून म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते. त्यात काही बिघाड नसतो. वेळ पडली आणि घाईने बाहेर पडावे लागले, तर डोळ्यांना अंधाराची सवय असावी, एवढ्यासाठी ते करतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

जोराची सर्दी असेल तर ही नळी सुजलेली असते, आणि मग चघळून काही होत नाही. शक्य असेल तर प्रवास दोन-चार दिवस पुढे ढकलावा. जाणे भागच असेल तर नाकात घालायच्या थेंबांविषयी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबवाल्यांनी ते मनाने घेऊ नयेत. उतरल्यावर कान काही तास, कधी दोन-तीन दिवसही दडा बसल्यासारखा राहतो आणि मग मोकळा होतो. आपल्याकडे लगेच लसणीचे तेल कढवतात. दुखणे पडद्यामागे असते, तिथे तेल पोहोचतच नाही. आणि पडदा फाटला असेल तर नसती आफत. कानात काडीही घालू नये. दुखणे थांबत नसेल, कानातून पाणी किंवा रक्त येत असेल, चक्कर येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, चार पावले चालून धाप लागणारे दम्याचे रुग्ण, रक्त फार कमी असलेले, पोटाचे नुकतेच ऑपरेशन झालेले, हातापायाला कालच प्लॅस्टर घातलेले, यांनी तिकीट काढण्याआधीच दवाखान्यात यावे. गरोदर बाईला बत्तिसाव्या आठवड्याच्या पुढे विमान कंपन्या बहुधा डॉक्टरांचा दाखला मागतात, आणि तो आदल्या रात्री मागायला येऊ नये. तारखेची खात्री करायला सोनोग्राफीचे कागद लागतात, तेही सोबत आणावेत.