नागपूरच्या संग्रहालयांत एक दिवस

थंडी पडू लागली म्हणजे सहलीचे वेध लागतात आणि आपणां वऱ्हाडच्या मुलांची दृष्टी साहजिकच नागपुराकडे वळते. तो एक दिवस सत्कारणी कसा लावावा, याविषयी अनुभवाचे चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वाराचा विचार करावा. सोमवारी अजब बंगला बंद असतो. अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर व बडनेऱ्याहून पावणेदोनशे. म्हणून पहाटेची गाडी गाठल्यावाचून दिवस हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट, सर्व काही पाहण्याचा मोह आवरावा. एके वर्षी आम्ही मुलांना दालनामागून दालन हिंडविले. जेवणाची वेळ टळली आणि एक मुलगा भुकेने घेरी येऊन खाली बसला. परतताना विचारले, तो पेंढा भरलेल्या प्राण्यांपलीकडे कोणास काही आठवेना. पोटास चिमटा घेऊन ज्या आईबापांनी गाडीभाडे दिले, त्यांचे आम्ही अपराधी ठरलो. तेव्हापासून आमचा नियम असा : सकाळी एक संग्रहालय, मध्यान्ही जेवण, दुपारी दुसरे संग्रहालय, आणि प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिची नीट ओळख करून घ्यावयाची.

अजब बंगला १८६३ साली स्थापन झाला. तेथे गुंगेरियाची तांब्याची हत्यारे अवश्य पाहावी. १८७० साली बालाघाट जिल्ह्यात गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून काही धातू वर आलेला दिसला. खणून पाहता ताम्रवस्तू ४२४ व चांदीचे पत्रे १०२ निघाले! त्यांतील काही येथे आहेत. डोळे उघडे ठेवून चालणाऱ्या मुलांनी इतिहासात केवढी भर घातली, हे ध्यानी घ्यावे.

भोजनास शिदोरी बरी. भाकरी, झुणका, ठेचा आणि शेवटी संत्रे; याहून अधिक काय हवे? जवळच महाराजबाग आहे. ती अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे असल्याने आपणांस परकी नाही. तेथील व्यवस्थापकांस आधी विचारून मगच पंगत बसवावी व साली-कागद आपणच उचलावे. कोणाची शिदोरी तोकडी असल्यास ती सर्वांच्या शिदोरीत मिसळून जावी. कोणास कमीपणा वाटू नये.

दुपारी मोतीबागेतील छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावे. ते २००२ साली उघडले. अडीच फुटी रुळांवरील ती इंजिने पाहून मूर्तिजापूर, अचलपूर व यवतमाळकडील मुलांना ‘शकुंतले’ची आठवण होईल. तिचेही रूळ याच रुंदीचे होते. ती गाडी आता बंद पडली आहे. तिच्यातून प्रवास केलेल्या आजोबांस घरी गेल्यावर चार प्रश्न विचारावे.

परतीच्या गाडीत प्रत्येकाने आपण निवडलेली वस्तू इतरांस वर्णन करून सांगावी आणि तीच रात्री आईस सांगावी. तिने नागपूर पाहिले नसेल. परंतु तिच्याच काटकसरीवर आपण ते पाहिले, याचा विसर पडू नये.