नोकरीची खबर की मालाची जाहिरात?

विज्ञानाची आवड असलेल्या मंडळींनी एकत्र यावे, एकमेकांच्या शंका फेडाव्यात आणि त्या बैठकीत व्यापाऱ्यास पाऊल ठेवू देऊ नये, हा दंडक जुना आहे व योग्यही आहे. उपकरणे विकणारा आणि शिकवणीचे वर्ग चालविणारा असे दोघे आत शिरले की चर्चा मागे पडते आणि बाजार भरतो. म्हणून 'येथे जाहिराती नकोत' असा नियम अशी मंडळे करतात. पण एके दिवशी त्यांचाच एखादा सभासद येऊन सांगतो की, आमच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली आहे, रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी हवी, काम दोन वर्षांचे आहे. ही जाहिरात झाली काय? नियमावर बोट ठेवणारा म्हणतो, झाली. काम शोधणारा तरुण म्हणतो, ही तर खबर. मला ती आधीच का कळली नाही? वाद वरवर किरकोळ दिसतो. पण त्यात कोणाच्या तरी चरितार्थाचा प्रश्न अडकलेला असतो, म्हणून त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मराठी भाषेने या दोहोंत भेद केलेला नाही. साबणाची जाहिरात तशीच तलाठ्याच्या जागेचीही जाहिरात. तरीही साबणाची जाहिरात वाचणाऱ्याच्या खिशात हात घालते आणि नोकरीची जाहिरात त्याला चार पैसे मिळण्याची वाट दाखविते, हा फरक कोणालाही समजण्यासारखा आहे. मात्र तेवढ्यावर निकाल देता येत नाही. नोकरी देणाराही धर्मादाय करीत नसतो. त्याला श्रम विकत घ्यायचे असतात आणि ते शक्य तितक्या कमी मोलात घ्यायचे असतात. म्हणजे व्यवहार आहेच. फक्त गिऱ्हाईक कोण आणि विक्रेता कोण, हे उलटे झालेले असते.

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, हे येथे सांगितले पाहिजे. 'पिट्सबर्ग प्रेस' हे वृत्तपत्र नोकऱ्यांच्या जाहिराती पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी अशा वेगळ्या स्तंभांत छापीत असे. स्त्रियांच्या एका राष्ट्रीय संघटनेने 1969 साली त्याविरुद्ध तक्रार केली. वृत्तपत्राचे म्हणणे असे की, पानाची मांडणी कशी करावी हा संपादकाचा अधिकार आहे. त्यात सरकारने ढवळाढवळ करणे म्हणजे मुद्रणस्वातंत्र्यावर घाला घालणे होय. 1973 साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला तो वृत्तपत्राच्या विरुद्ध. न्यायमूर्ती पॉवेल यांनी लिहिले त्याचा आशय असा की, ही विशुद्ध व्यापारी जाहिरात आहे. बेकायदा भेदभावाला हातभार लावणाऱ्या व्यापारी मजकुराला मुद्रणस्वातंत्र्याचे कवच मिळणार नाही. चार न्यायमूर्ती विरुद्ध होते आणि त्यांची भीती अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. पण या निकालातले मर्म वेगळेच आहे. नोकरीच्या मजकुराला 'जाहिरात' म्हटले ते त्याला हाकलून देण्यासाठी नव्हे, तर त्याच्याकडून जाब घेण्यासाठी.

आपल्याकडे तर कायद्याची चाल याच्याही पुढे गेली आहे. 1959 साली संसदेने कायदा करून सरकारी आस्थापनांवर आणि 25 वा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांवर, रिकाम्या जागा सेवायोजन केंद्रास कळविण्याचे बंधन घातले. 1976 मध्ये केंद्र सरकारने नोकऱ्यांच्याच बातम्यांचे साप्ताहिक सुरू केले. पुढे 1996 साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केंद्राकडून नावे मागविणे पुरेसे नाही. वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी, कार्यालयाच्या फलकावर लावावी, आकाशवाणी व दूरदर्शनवरूनही सांगावे. आणि 2006 च्या उमादेवी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, जागा खुल्या न करता मागील दाराने झालेल्या नेमणुकांना कायम होण्याचा हक्क नाही, असे बजावले. अशा रीतीने साबण विकणाऱ्याला जाहिरात देण्याची मुभा आहे, तर सरकारी नोकरी देणाऱ्यावर ती देण्याची सक्ती आहे.

याचे मोल गोव्यातील वाचकास वेगळे सांगावयास नको. 2024 च्या उत्तरार्धात सरकारी नोकरी मिळवून देतो असे सांगून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे येथे पोलिसांत गेली, अटका झाल्या. जागा केव्हा निघते, कोठे निघते, अर्ज कोणाकडे करायचा, हे ज्याला उघडपणे कळत नाही तोच दलालाच्या हाती सापडतो. विज्ञानक्षेत्रात लाच नसली तरी कुजबुज असतेच. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संशोधन संस्थांतून प्रकल्पापुरत्या जागा निघतात. प्राध्यापकांच्या ओळखीतल्या विद्यार्थ्यांना त्या आधी कळतात. सत्तरीतल्या किंवा काणकोणच्या एखाद्या मुलीला कळते तेव्हा मुदत संपलेली असते. तिला गुण कमी पडले नाहीत, ओळख कमी पडली.

आणखी एक प्रकार आम्हांस अधिक खटकतो. जाहिरात रीतसर येते, पण तीत पात्रता अशी विलक्षण नेमकी असते की ती सबंध देशात एकाच उमेदवाराला लागू पडावी. अमुक विषयातच पदवी, तमुक यंत्रावरच दीड वर्षाचा अनुभव! अंग समोर उभे करून अंगरखा बेतावा तसा हा मामला. अर्ज शंभरांनी करायचे, मुलाखतीला पदरमोड करून यायचे आणि निवड मात्र जाहिरात निघण्यापूर्वीच झालेली. असली सूचना फलकावर लावणे म्हणजे त्या शंभर जणांच्या फसवणुकीत आपण सामील होणे होय.

विज्ञानाच्या प्रतिष्ठेला नोकरीच्या जाहिरातीने बाध येतो, ही समजूतही खरी नव्हे. 1869 पासून निघणारे 'नेचर' घ्या किंवा बंगळुरातून 1932 साली सुरू झालेले 'करंट सायन्स' घ्या. निबंधांची कसून पारख करणाऱ्या या नियतकालिकांनी जागांच्या जाहिरातींना आपल्या पानांवर स्थान दिलेले आहे. त्यांचे पैसेही घेतले जातात. आम्ही वृत्तपत्रवाले तरी कोणत्या तोंडाने बोलणार? 'पाहिजेत'च्या स्तंभाची बिले आमच्याही कचेरीतून जातात.

तेव्हा आमच्या मते नोकरीची सूचना ही जाहिरातच आहे, आणि तरीही विज्ञानमंडळांनी तिला दार उघडावे. मात्र चर्चेच्या मधोमध नव्हे. तिच्यासाठी वेगळा कोपरा ठेवावा. तीत संस्थेचे नाव, कामाचे स्वरूप, वेतन, मुदत आणि अर्जाची शेवटची तारीख इतके असलेच पाहिजे. वेतनाच्या जागी 'योग्यतेनुसार' एवढाच शब्द असेल तर ती सूचना परत करावी. नावनोंदणीचे पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना थारा नको. सरकारी भरतीतही अर्जाचे शुल्क घेतले जाते, हे आम्ही जाणतो. पण ते कोठे जाते याची पावती मिळते. सूचना देणाऱ्या सभासदाने आपला त्या जागेशी काय संबंध आहे, तेही लिहावे. आणि तारीख उलटताच तो कागद काढून टाकण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे. नाहीतर गेल्या वर्षीची जागा पाहून या वर्षी कोणीतरी वाळपईहून बस धरून येईल.