मागचे चाक सुटते कसे?

बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकालच्या परिसरात कपाशीची काळी जमीन आणि बांधांवर बाभळी. अशा वाटांवर सायकल पंक्चर होणे नवलाचे नाही. शाळेला निघालेल्या मुलीचा दिवस मात्र त्यापायी बुडू शकतो. त्यातून काटा मागच्या चाकात रुतला असेल तर काम किचकट. किती किचकट, हे त्या चाकाच्या हबवर अवलंबून असते.

साध्या सायकलीत मागचा एक्सल दोन नटांनी आवळलेला असतो. त्याच नटांखाली मडगार्डच्या काड्या, कॅरिअरचे पाय, बहुधा स्टँडही अडकवलेले. फ्रेमची खाच मागच्या बाजूस उघडी असल्याने साखळी उतरवून चाक मागे ओढावे लागते. चेनकव्हर बंद असेल तर तेही सोडवावे लागते. परत बसवताना साखळीचा ताण जमवून चाक मधोमध आणणे, हे खरे कसब. म्हणूनच अनुभवी कारागीर साध्या पंक्चरसाठी चाक काढतच नाही. टायर एका बाजूने उचकटून तो ट्यूब बाहेर ओढतो, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो आणि जागेवरच ठिगळ लावतो. ट्यूब बदलायची असेल तरच पाना हाती घेतो.

शर्यतीच्या सायकलींची गरज वेगळी. एके काळी त्यांत गिअर बदलण्यासाठी मागचे चाक काढून उलटे बसवावे लागे. १९२७ मध्ये इटालियन सायकलपटू तुल्लिओ कॅम्पाग्नोलो यांना बर्फाळ घाटात गारठलेल्या बोटांनी नट सोडवता आले नाहीत आणि त्यातून ‘क्विक रिलीज’ची कल्पना सुचली, असे सांगतात. पोकळ एक्सलमधून जाणारी काडी आणि टोकाला तरफ, एवढीच ही रचना. साखळी सर्वांत लहान चक्रावर आणून तरफ उघडली की चाक मिनिटभरात हाती येते. ही तरफ नटासारखी फिरवून आवळायची नसते; ती दाबून मिटायची असते. अर्धवट मिटलेली तरफ जिवावर बेतू शकते. शिवाय सोबत पंप आणि जादा ट्यूब नसेल, तर रस्त्यात सुटलेल्या चाकाचा उपयोग तो काय?

हबच्या आतच गिअर असलेल्या सायकलीत नटांआधी गिअरची केबल सोडवावी लागते, बसवल्यावर ती पुन्हा जुळवावी लागते. हबमध्ये मोटर असलेल्या इ-सायकलीत त्यात वायरच्या जोडाची भर पडते. एक्सल गरकन फिरू नये म्हणून घातलेले खास वॉशर होते तसेच बसवावे लागतात. त्यामुळे इ-सायकलचे पंक्चरही शक्यतो चाक जागेवर ठेवूनच काढलेले बरे.