अंतर्मुख व बहिर्मुख व्यक्तिमत्त्व : एक आकलन

अंतर्मुख म्हणजे लाजाळू आणि बहिर्मुख म्हणजे बोलका, हा प्रचलित समज अपुरा आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये हे वर्गीकरण सविस्तर मांडले, तेव्हा त्यांनी मानसिक ऊर्जेची दिशा हा निकष मानला. अंतर्मुख व्यक्तीची ऊर्जा स्वतःच्या विचारविश्वाकडे, तर बहिर्मुख व्यक्तीची बाह्य जगाकडे वळते. पुढे हान्स आयझेंक यांनी १९६७ मध्ये या भेदाची जैविक उपपत्ती मांडली. अंतर्मुख व्यक्तीच्या मेंदूची उत्तेजन-पातळी मुळातच अधिक असते. त्यामुळे तिला गोंगाट लवकर असह्य होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. लाजाळूपणाच्या मुळाशी लोक काय म्हणतील ही भीती असते. अंतर्मुखतेत ती असेलच असे नाही. शिवाय बहुसंख्य व्यक्ती या दोन टोकांच्या दरम्यान आढळतात.

हा भेद लक्षात न घेतल्यास वर्गात हात वर न करणारा विद्यार्थी मंदबुद्धीचा ठरविला जातो व त्याची गुणवत्ता झाकोळते. म्हणून प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने विचारास अवधी द्यावा आणि चर्चेबरोबरच लेखी अभिव्यक्तीसही समान स्थान द्यावे. मौन हे अज्ञानाचे लक्षण मानणे, हे मूल्यमापन नव्हे.